सुट्टी नेमकी कुणाची?

तारवटीच्या बायकोला गोव्यात तीन वाक्यं फुकट ऐकायला मिळतात. "मजा आहे बाई तुझी, डॉलर येतात." "सवय होते गं हळूहळू." आणि नवरा घरी आला की, "आता काय, तीन महिने सुट्टीच सुट्टी!" पहिली दोन मी सोडून दिली आहेत. तिसऱ्याशी मात्र माझं भांडण आहे आणि आज ते मी सविस्तर भांडणार आहे.

एकेकाळी तारवटी म्हटला की तो साष्टी-बारदेसचा, ख्रिस्ती घरातला असंच धरलं जायचं. मुंबईला जायचं, धोबीतलावच्या आसपास आपल्या गावच्या कुडात राहायचं आणि जहाजाची वाट पाहायची. त्या घरांतल्या बायकांपाशी पिढ्यांचं शहाणपण आहे. आता आमच्या फोंडा-डिचोलीकडची पोरंही सीडीसी काढून जहाजावर जातात. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ साली पुन्हा पडल्या, तेव्हापासून आमच्या वाड्यावर तर हे जास्तच दिसू लागलं. पण आमच्या घरांना त्याची रीत अजून कळलेली नाही. मुलगा पुण्याला नोकरीला असावा तसा तो जहाजावर आहे, अशीच आमची समजूत. चवथीला येईल ना? जत्रेला येईल ना? अहो, जहाज म्हणजे काय कदंबाची बस आहे?

तर सुट्टीचा हिशेब. माझा नवरा परदेशी झेंड्याच्या मालवाहू जहाजावर ए.बी. आहे. करार नऊ महिन्यांचा, 'अधिक-उणे एक महिना'. (त्यातलं उणे मी अजून पाहिलेलं नाही.) जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ सालचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याला एमएलसी म्हणतात. भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्यात भरपगारी रजा किमान किती? कामाच्या दर महिन्याला अडीच दिवस. नऊ महिन्यांचे झाले साडेबावीस दिवस. काही कंपन्या याहून जास्त देतात, आमची किमानावर थांबते. तो घरी असतो साधारण तीन महिने. म्हणजे साडेबावीस दिवस सुट्टी, आणि उरलेले सदुसष्ट-अडुसष्ट दिवस बिनपगारी, पुढच्या जहाजाची वाट पाहत बसणं. याला सुट्टी म्हणायचं असेल तर नाक्यावर कामाची वाट पाहणारा गवंडीही सुट्टीवरच आहे म्हणायचा!

आणि ते दिवस तरी कुणाच्या वाट्याला येतात? मेडिकल दोन वर्षांनी संपतं, ते करा. आग विझवण्याचे, जीव वाचवण्याचे कोर्स पाच वर्षांनी पुन्हा, त्यासाठी मुंबई. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत, पुन्हा मुंबई. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा इंजिनीअर आहे, चार-चार महिन्यांचे करार करतो. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले तर आयकराच्या दृष्टीने तो निवासी ठरतो, म्हणून त्यांच्या घरी कॅलेंडरवर दिवस खोडले जातात. ती म्हणते, आमच्या संसारात तिसरा माणूस म्हणजे सी.ए.

यातून उरलं ते आपली माणसं वाटून घेतात. कुलदेवाचा अभिषेक त्याच्यासाठी राखून ठेवलेला. नणंदेच्या सासरी जेवण. गळकं छप्पर, विहिरीचा पंप, जमिनीच्या म्युटेशनचे कागद. नऊ महिने हे सगळं मी रेटलेलं असतं. बँक मी, वीजखातं मी, मध्यरात्री मुलीला ताप चढला तर रिक्षा मी. पण तो दारात बॅग टेकवतो त्या क्षणापासून घरात एकच वाक्य: "थांब, त्याला विचारूया." अहो, त्याला काय विचारता? त्याला गॅसचा सिलिंडर कुठून येतो तेही ठाऊक नाही. बिचारा स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वावरत असतो, आणि घराची सवय होते ना होते तोच ऑफिसचा फोन येतो: परवा जॉइन व्हायचं.

माझी मुलगी झाली तेव्हा त्याचा करार संपून दहा दिवस झाले होते. रिलीव्हर मिळाला नाही, जहाजाचा मार्ग बदलला, मग आणखी काही... तो उतरला सहा आठवड्यांनी. बाराव्या दिवशी पाळण्यात नाव ठेवताना फोन माटवाच्या खांबाला बांधून ठेवला होता आणि त्यावर तो मधेच गोठलेला, तोंड अर्धं उघडं. सगळे हसले. मीही हसले.

आता कुणी म्हणेल, धंदाच तसा आहे. मान्य. वाटेल त्या बंदरात माणूस उतरवता येत नाही. विमान हवं, तिथला व्हिसा हवा, बदली माणूस वेळेवर पोचायला हवा. हे मला शिकवू नका, मला पाठ आहे. माझी तक्रार समुद्राबद्दल नाहीच. रिलीव्हर येत नाही हे मुंबईच्या ऑफिसातल्या टेबलावर आधी कळतं. तिथून घरी एक फोन करायला कुठलं वादळ आडवं येतं? नवऱ्याच्या कागदपत्रांत माझं नाव दोन ठिकाणी आहे. पैसे कुणाला पाठवायचे तिथे, आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं तिथे. पगार आणि मरण. मधल्या नऊ महिन्यांत मी कुणी नाही. मी फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगते, "मॅडम, क्रूची माहिती आम्ही बाहेरच्यांना देत नाही."

बाहेरच्यांना!

२०२० साली कोविडमध्ये जगभरात सुमारे चार लाख तारवटी करार संपूनही जहाजांवर अडकले, तेव्हा निदान वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. त्या एप्रिलमध्ये मुंबईपाशी थांबलेल्या 'मारेला डिस्कव्हरी' जहाजावरून आपल्या माणसांना उतरवून घ्यायला किती ओरडावं लागलं ते गोव्याला आठवत असेल. साथ सरली, आपण विसरलो. पण एकेका माणसाचं अडकणं चालूच आहे, फक्त त्याची बातमी होत नाही. कराराने बारा महिन्यांच्या आत माणसाला घरी पाठवलंच पाहिजे. ही झाली शेवटची हद्द. नऊचे साडेदहा झाले तर ही हद्द मोडत नाही, फक्त बारसं हुकतं.

डिसेंबर २०२४ पासून त्याच एमएलसीत जहाजावर इंटरनेटची सोय देण्याची तरतूद लागू झाली आहे. चांगलं झालं. पण बारा ते चारची वॉच करून आलेला माणूस फोनवर काय बोलणार? आणि फोन आहे म्हणून आता सगळे म्हणतात, "रोज बोलता ना, मग झालं तर!"

आमच्या तियात्र-नाटकांनीही आम्हाला छान सजवून ठेवलंय. मी पाहिलेल्या खेळांत तारवटीची बायको दोनच प्रकारची: खिडकीत बसून रडणारी, नाहीतर त्याचे पैसे उडवून भलत्याच्या स्कूटरवर फिरणारी. वीजखात्याच्या रांगेत उभी असलेली मी अजून रंगमंचावर पाहिलेली नाही.

मला सरकारकडून पेन्शन नको की सत्कार नको. तारीख हवी. करार वाढला तर त्याच दिवशी, लेखी, घरी कळवा. आणि घरच्यांनो, तो आल्यावर पहिले आठ दिवस आमच्या दारावर कुणी थाप मारू नका. देव थांबेल, त्याला घाई नसते.

आणि ज्यांच्या मुलीला तारवट्याचं स्थळ सांगून आलंय त्यांना एक सांगते. पत्रिका खुशाल जुळवा, पण मुलाची सीडीसी मागून घ्या. प्रत्येक जहाजावर चढल्याची आणि उतरल्याची तारीख त्यात शिक्क्यासह असते. करार किती महिन्यांचा होता ते त्याला विचारा आणि बाजूला कागद घेऊन वजाबाकी करा. मुलीला शेजारी बसवून करा.