ओटा कोणाच्या मापाचा?

"किचन तुमचं मॅडम, तुम्हीच ठरवा," असं म्हणत दुकानदारानं माझ्यासमोर टाइल्सचे नमुने मांडायला सुरुवात केली. नवरा बाजूच्या स्टुलावर मोबाइल बघत बसला.

आमचं घर नवीन पनवेलमध्ये, सिडकोच्या जुन्या इमारतीत आहे. ओटा कडप्प्याचा. लिंबू-चिंचेनं त्यावर पांढरे डाग पडलेले, सिंकखालचं कपाट दर पावसाळ्यात फुगणारं. दोघांच्या पगारातून थोडे पैसे साठले, तेव्हा स्वयंपाकघर नव्यानं करून घ्यायचं ठरलं. चार दुकानं फिरलो. चारही ठिकाणी हेच वाक्य ऐकलं. बाईला कोणी विचारत नाही म्हणून पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत भांडत फिरणं हे माझं रोजचं काम. इथे मात्र सगळे मलाच विचारत होते! सुरुवातीला बरं वाटलं. मग लक्षात आलं, विचारतात ते रंगाचं. शटरचा सनमायका कोणता, टाइल चकचकीत हवी की मॅट, ट्रॉल्यांना हँडल कुठलं.

ओट्याच्या उंचीचं कोणीच विचारलं नाही. मीच विषय काढला तेव्हा गवंडी म्हणाला, "ताई, ३४ इंच. सगळीकडे हीच लेव्हल असते."

घरी येऊन मी शिवणाची टेप काढली. माझी उंची ५ फूट, जमिनीपासून कोपर ३७ इंचांवर. पोळी लाटताना जोर लावायचा तर हात खाली जायला हवेत, म्हणजे ओटा कोपराच्या पाच-सहा इंच तरी खाली हवा. ३४ इंचांच्या ओट्यावर ४ इंचांची शेगडी आणि तिच्यावर ३ इंचांची कढई ठेवली की कढईचा काठ ४१ इंचांवर जातो. म्हणजे भाजी परतताना खांदा सतत उचललेला. सिंकचं उलट. तिथे हात काम करतात ते तळाशी, काठाच्या सात-आठ इंच खाली; तिथे कंबर वाकते. सरळ एका लेव्हलचा ओटा दिसायला छान, पण यातल्या कुठल्याच कामाला तो नीट पुरत नाही. माझा उजवा खांदा गेली तीन वर्षं दुखतोय आणि मी ते वयावर ढकलत होते. वय किती, तर छत्तीस!

मी काही फार बुटकी नाही. आपल्या देशातल्या बाईची सरासरी उंची ५ फुटांच्याच आसपास आहे. मग ही 'लेव्हल' आली कुठून? सासूबाई हसून म्हणाल्या, "आमची मापं कोण घेतंय? मी तर ओट्यापुढे पाट टाकून उभी राहायचे." वीस वर्षं त्यांनी पाटावर उभं राहून पोळ्या केल्या. ओटा चुकलाय असं कोणाला वाटलं नाही. त्याच कमी पडत होत्या.

मग मी हट्टानं ठरवलं, ओटा ३० इंच. नवरा म्हणाला, "मग मी काय वाकून काम करू?" त्याची उंची पावणेसहा फूट. "तू कधी करतोस?" असं तोंडावर आलं, आणि मी बोललेही. पण रात्री झोप लागेना. दगडात बसवलेलं माप वीस वर्षं टिकतं. माझ्या एकटीच्या मापाचा ओटा बांधून घेणं म्हणजे पुढची वीस वर्षं तिथे मीच उभी राहणार, हे मीच दगडात कोरून घेणं नव्हे का?

हा पेच माझ्या एकटीचा नाही, जुना आहे. १९२६ मध्ये मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईनं जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. बाईची पावलं वाचावीत, वेळ वाचावा म्हणून प्रत्येक वस्तूची जागा मोजून ठरवली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आजच्या 'मॉड्युलर किचन'चं मूळ तेच. बाईचे कष्ट कमी करण्याचा तिचा हेतू प्रामाणिक होता. पण ते होतं एका माणसापुरतं, आणि तो एक माणूस बाईच असणार हे गृहीत होतं. १९७० च्या दशकात स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. काम सोपं झालं, पण वाटलं गेलं नाही.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणाप्रमाणे २०१९ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईची १० मिनिटं कमी झाली, पण पुरुषानं ती उचलली म्हणून नव्हे. त्याचीही ९ कमीच झाली!

शेवटी आम्ही दोन उंच्यांचा ओटा केला. शेगडीकडची बाजू खाली, चिरायची-निवडायची बाजू ३४ इंच. ओटा बदलल्यानं माणूस बदलतो असा माझा भाबडा समज नाही. पण उंचीची सबब गेली. सध्या आठवड्यातून चार दिवस सकाळची भाजी तो करतो. उरलेल्या तीन दिवसांचं भांडण चालू आहे.

सिंकचं ठरवताना मात्र माझीच फजिती झाली. उभे कोण राहणार याचा एवढा विचार केला, तोही आम्हा दोघांचाच. आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात, त्या माझ्याहून बुटक्या. शिबिरांतून घरकामगारांच्या हक्कांवर तास-तासभर बोलणाऱ्या मला त्यांना विचारायचं सुचलंच नाही. नळाची जागा आखत होतो तेव्हा त्याच म्हणाल्या, "ताई, लई उंच नको, पाणी कोपरातून पोटावर येतं. आणि खाली ती गुळगुळीत फरशी नको. ओल्या पायांनी मागं दोनदा पडले मी." त्या पडल्याचं मला माहीत नव्हतं. सिंक त्यांच्या मापानं बसवलं, जमिनीला खरखरीत टाइल घातली. नवऱ्याला सिंकशी थोडं वाकावं लागतं. चालेल.

ओट्याच्या दगडातही असंच एक न दिसणारं माणूस होतं. दुकानदार पांढऱ्याशुभ्र क्वार्ट्झचा आग्रह धरत होता. हळदीचा डाग पडत नाही म्हणे. हा कृत्रिम दगड. त्याच्या अनेक प्रकारांत ९० टक्क्यांहून जास्त सिलिका असते. तो कोरडा कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. तरुण कारागीर त्यानं दगावल्यावर ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली. आम्ही काळा ग्रॅनाइट घेतला. सिलिका त्यातही असते, पण बरीच कमी. कापायला आलेला मुलगा तोंडाला नुसता रुमाल बांधून जिन्यात बसला होता. पाणी सोडत कापायचं आणि मास्क लावायचा, हे मी त्याच्या मालकाकडून कबूल करून घेतलं. वेळ जास्त लागला, जिन्यात चिखल झाला, शेजारी कुरकुरले. तो चिखल आम्ही पुसला.

सगळं ठरलं आणि दुकानदारानं पावतीपुस्तक काढलं. "बिल कोणाच्या नावानं करू, साहेब?" चार दिवस 'किचन तुमचं' म्हणणारा माणूस आता माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

मला आमच्या सल्ला केंद्रात येणारी एक जण आठवली. तिनं दोन बांगड्या आणि एक हार मोडून सासरचं स्वयंपाकघर करून घेतलं होतं. टाइल न् टाइल तिच्या पसंतीची. दोन वर्षांत तिला त्याच घरातून बाहेर काढलं. केंद्रात बसून ती पहिल्यांदा रडली ती स्वयंपाकघराचं वर्णन करताना. बिलं सगळी नवऱ्याच्या नावावर, सोनं मोडल्याची पावती नाही. स्त्रीधन दाखवायचं कशावरून?

घरात राहण्याचा तिचा हक्क मात्र बिलावर अवलंबून नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १७ नं तो दिला आहे, आणि कलम १९ खाली मॅजिस्ट्रेटकडून तसा आदेश घेता येतो. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ती तिथे नांदत असेल तर ते 'सामायिक घर' ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात सांगितलं. पण हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. मालकी कागदावरच यावी लागते.

म्हणून मैत्रिणींनो, ओटा करायला काढाल तेव्हा ग्रॅनाइटचा रंग जरूर निवडा. आवडीनं निवडण्यात कमीपणा काही नाही. पण आधी टेप काढा आणि घरात जे जे त्या ओट्याशी उभे राहतात, किंवा राहायला हवेत, त्या सगळ्यांची मापं घ्या. भांडी घासणाऱ्या बाईला विचारा. दगड कापणाऱ्याच्या नाकातोंडात काय जातं ते पाहा. सोनं मोडलंत तर पावती जपून ठेवा, पैसे स्वतःच्या खात्यातून द्या. आणि घर कोणाच्या नावावर आहे, हे माहीत नसेल तर आजच विचारा.

आमचं बिल माझ्या नावानं झालं. नाव सांगताना माझा आवाज थोडा चढला होता, असं नवरा म्हणतो.