सर्व्हर जिवंत की मेलेला, हे ठरवतं कोण? अ‍ॅमेझॉन क्लाउडच्या गोंधळाची गोष्ट

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशीचा दिवस. भारतात दुपारचे सव्वाबारा वाजून गेले आणि स्नॅपचॅट, सिग्नल, कॅनव्हा अशी अ‍ॅप्स जगभर अडखळू लागली. अनेकांनी आधी स्वतःच्या वायफायवरच संशय घेतला असेल. बिघाड मात्र अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरमध्ये होता.

डायनॅमोडीबी या डेटाबेसचा इंटरनेटवरचा पत्ताच स्वयंचलित यंत्रणेच्या चुकीने पुसला गेला होता. ही चूक दुपारी तीनच्या सुमारास दुरुस्त झाली. मग सगळं सुरळीत व्हायला मध्यरात्र का उलटली?

सर्व्हर बंद पडला हे कळतं कसं?

क्लाउडमध्ये प्रत्येक सर्व्हरची ठरावीक वेळाने हजेरी घेतली जाते. जो उत्तर देत नाही त्याला बाजूला काढून त्याचं काम दुसऱ्याला दिलं जातं. गोम अशी, की सर्व्हर खरंच मेला आहे की फक्त त्याच्यापर्यंतचा रस्ता तुटलाय, हे लांबून कळत नाही. दोन्हीकडे शांतताच.

त्या दिवशी हजेरीपटच डायनॅमोडीबीवर अवलंबून होता. सर्व्हर धडधाकट होते, आधीपासूनचं काम करतही होते. पण हजेरीची मुदत संपल्याने त्यांना नवीन काम मिळेना. डेटाबेस परतल्यावर सगळ्यांची हजेरी एकदम सुरू झाली. गर्दी इतकी, की नोंद पूर्ण होण्याआधीच तिची वेळ संपायची आणि तो सर्व्हर पुन्हा रांगेत! शेवटी इंजिनिअरांनी नवीन कामं रोखली आणि हजेरी घेणाऱ्या यंत्रणेतली निवडक मशीन रीस्टार्ट केली.

तपासणारीच चुकली तर?

पुढचा प्रकार जास्त विचित्र होता. नव्याने सुरू झालेल्या सर्व्हरपर्यंत नेटवर्कची माहिती उशिरा पोहोचत होती. त्यामुळे ट्रॅफिक वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या तपासणीत तेच सर्व्हर एकदा नापास, एकदा पास होत होते. नापास झाले की बाहेर, पास झाले की आत. या ये-जा करण्याने तपासणी यंत्रणाच थकली आणि चांगली क्षमताही सेवेबाहेर गेली.

रात्री दहाच्या सुमारास इंजिनिअरांनी ही आपोआप बदली चक्क बंद केली. बाहेर काढलेले चांगले सर्व्हर परत आले, तेव्हा कुठे त्या यंत्रणेतल्या कनेक्शनच्या चुका थांबल्या.

तपासणीत नापास झाल्यावर एका वेळी किती क्षमता बाहेर काढता येईल, यावर आता मर्यादा घालणार असल्याचं अ‍ॅमेझॉनने नंतर जाहीर केलं.