निसर्गाच्या नांवावर

चाळिशी हा शब्द मराठींत दोन अर्थांनीं चालतो. चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांतील भिंगाचा लवचिकपणा कमी होतो, जवळचीं अक्षरें पुसट दिसूं लागतात, आणि मग नाकावर जो चष्मा चढतो त्यालाही आपण चाळिशीच म्हणतों. हा पालट सर्वस्वीं नैसर्गिक आहे. तो रोग नव्हे. तरीही ‘निसर्गाचेंच आहे, सोसा’ असें सांगून एखाद्या वकिलाला किंवा प्राध्यापकाला चष्म्यावांचून ठेवल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

त्यांच्या पत्नीची रजोनिवृत्तिही तितकीच नैसर्गिक. भारतांत ती सरासरीनें ४६-४७ व्या वर्षीं येते. तिच्या आगेंमागें एकाएकीं छातीपासून कपाळापर्यंत आगीची लाट उसळते, अंग घामानें निथळतें, रात्रींतून तीनतीनदां झोप मोडते. आणि जिनें तीस पानांची पंगत शांतपणें वाढली ती बाई हातांतून चमचा पडल्याबरोबर रडूं लागते. ती बोललीच, तर घरांतील सुशिक्षित गृहस्थ वर्तमानपत्रावरून मान न उचलतां (अर्थात् चाळिशी लावूनच) म्हणतात, ‘वयाचें आहे. होईल कमी.’

केव्हां होईल? अमेरिकेंत अनेक वर्षें चाललेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांना हा दाह वारंवार होतो अशांपैकीं निम्म्या स्त्रियांना तो ७.४ वर्षांहून अधिक काळ छळतो, असें तींत आढळलें. घरांतला जो मुलगा पांचवींत होता तो बारावीची परीक्षा देऊन मोकळा होतो. आई मोकळी झालेली नसते. आणि हा मनाचा खेळही नव्हे. इस्ट्रोजेनचें प्रमाण घसरलें कीं मेंदूंतील उष्णतेचें नियमन करणारें केंद्र अतिशय हळवें बनतें. अंगाची ऊब किंचित् वाढली तरी तें घामाचा हुकूम सोडतें.

‘आमच्या आज्यांनीं कधीं औषध मागितलें काय?’ असा प्रश्न मोठ्या विजयी मुद्रेनें विचारण्यांत येतो. मागावयाचें कोणापाशीं? पाळी आली म्हणजे ‘कावळा शिवला’ एवढीच ज्या घराची भाषा, तेथें कावळा शिवेनासा झाल्यावर होणारे हाल सांगावयास शब्दच नव्हता. सुश्रुतसंहितेंत रजःस्राव बाराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत चालतो असें निःसंकोच लिहिलेलें आहे. संकोच ग्रंथाला नव्हता, घराला होता.

दुसरा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. २००२ सालीं अमेरिकेंतील १६,६०८ स्त्रियांवर चाललेला एक प्रयोग मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आला, आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेतल्यानें स्तनाचा कर्करोग वाढतो ही वार्ता जगभर गेली. वार्ता खोटी नव्हती. पण वाढ किती? दर दहा हजार स्त्रियांमागें वर्षाला सुमारें आठ. पक्षाघातांत जवळ जवळ तेवढीच. शिवाय त्या स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें. रात्रभर तळमळणाऱ्या ४८ वर्षांच्या बाईला त्या आंकड्यांचा धाक घालणें म्हणजे सासूची नाडी पाहून सुनेला पथ्य सांगणें होय. वय साठीच्या आंत असेल किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षें उलटलीं नसतील, आणि कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा विकार यांपैकीं कांहीं झालेलें नसेल, तर अशा त्रस्त स्त्रीला लाभ धोक्याहून अधिक, असें आजचें वैद्यकीय मत आहे. गर्भाशय शाबूत असेल तर नुसतें इस्ट्रोजेन देऊन चालत नाहीं. म्हणून शेजारणीची गोळी उसनी घेणें हा वेडेपणाच. ज्यांना हें औषध वर्ज्य आहे त्यांच्यासाठीं हॉर्मोनविरहित औषधेंही आहेत. पण हें सर्व डॉक्टरांच्या खोलींत ठरावयाचें. तेथपर्यंत बाईला पोंचूंच न देण्याचें काम ‘नैसर्गिक’ हा एक शब्द करतो.

त्याच शब्दानें याहून भयंकर गोष्टही झांकली जाते. पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर पुन्हां रक्त दिसलें, तर ती गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची पहिली खूण असूं शकते. नेहमीं असतेच असें नाहीं. पण तपासल्यावांचून तें कळत नाहीं. आणि अनेक सुशिक्षित घरांत अजून ती खूण ‘जातां जातां होतें असें’ म्हणून महिनेन् महिने पदराआड ठेवली जाते.