खेळ स्त्रियांचा, मान पुरुषांना

हँडबॉलचा इतिहास १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून सांगणे मला अन्यायाचे वाटते. त्याच बर्लिनमध्ये २९ ऑक्टोबर १९१७ रोजी माक्स हायझर यांनी जर्मन हँडबॉलची नियमावली सिद्ध केली, ती स्त्रियांसाठी. १९१९ मध्ये कार्ल शेलेन्झ यांनी ती पुरुषांसाठी बदलून शारीरिक झटापटीला वाव दिला.

१९३६ मध्ये प्रत्येक संघात अकरा पुरुष होते. १९७२ मध्ये सात जणांचा, छपराखालचा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. त्याचे आजचे मैदान ४०×२० मीटरचे. चेंडू हाती घेऊन तीनच पावले टाकता येतात आणि गोलपुढील सहा मीटरच्या क्षेत्रात पाय ठेवण्याची मुभा केवळ गोलरक्षकाला.

स्त्रियांना मात्र ऑलिंपिकचे दार १९७६ मध्ये उघडले, म्हणजे हायझर यांच्या नियमावलीनंतर ५९ वर्षांनी! म्हणून पहिले विजेते कोण, हे विचारण्याआधी खेळ कोणासाठी रचला होता, हे विचारावे.