मुलांची मैफल कोणाच्या अंगणात?

मुलांना संगीताची गोडी लागावी म्हणून त्यांना एक दिवस शहरात न्यावे, मोठ्या प्रेक्षागृहात बसवावे आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात रात्री घरी परतावे, अशी एक रीत आपल्या सुशिक्षित कुटुंबांत रुजू लागली आहे. या रीतीला माझा आक्षेप आहे. आणि ती स्वतः पाळून पाहिल्यानंतरच मी तो नोंदवीत आहे.

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी पहिली मिस्सा आटोपून मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी व सहा वर्षांचा मुलगा असे चौघे वसई रोड स्थानकावर आलो. तेथून चर्चगेट सुमारे ५२ किलोमीटर. रविवारचा जंबो ब्लॉक होता, गाड्या रखडत होत्या. गर्दीत मुलगा माझ्या कमरेला बिलगून उभा राहिला. दक्षिण मुंबईतील त्या प्रेक्षागृहात पोहोचेपर्यंत त्याचा निम्मा उत्साह मावळला होता. तिकिटे, प्रवास आणि खाणे यांवर झालेला खर्च आमच्या शेजारच्या रिक्षाचालकाच्या तीन-चार दिवसांच्या कमाईएवढा होता. त्याचा मुलगा आमच्याबरोबर का नव्हता, हे मला तेव्हाच उमगायला हवे होते.

वादन उत्तम झाले, यात वाद नाही. सर्गेई प्रोकोफिएव्ह यांची ‘पीटर आणि लांडगा’ ही रचना सादर झाली. १९३६ साली मॉस्कोच्या बालरंगभूमीसाठी, नाताल्या सात्स यांच्या सूचनेवरून ती लिहिली गेली. मुलांना वाद्यवृंदातील वाद्ये ओळखता यावीत, हा तिचा हेतू. पक्षी फ्लूटमधून बोलतो, बदक ओबोतून, मांजर क्लॅरिनेटमधून, आजोबा बसूनमधून. पीटर तंतुवाद्यांतून आणि लांडगा तीन हॉर्नमधून.

निवेदन मात्र केवळ इंग्रजीत होते. माझा मुलगा मराठी शाळेत पहिलीत आहे. लांडग्याने बदक गिळले तेव्हा त्याने मोठ्याने विचारले, “पप्पा, बदक कुठे गेलं?” पुढच्या रांगेतले गृहस्थ वळून पाहू लागले. सेवकाने ओठांवर बोट ठेवले. मुलाने रडवेल्या आवाजात पुन्हा विचारले, तेव्हा त्याला बाहेर नेण्याची खूण झाली. पत्नी त्याला घेऊन गेली. शेवटी लांडग्याच्या पोटातून बदकाचा आवाज येतो, ओबो पुन्हा वाजतो. ते त्याने ऐकलेच नाही. ज्या प्रश्नासाठी त्याला बाहेर जावे लागले, त्याचे उत्तर आत वाजत होते.

मुलांच्या मैफलीत मुलाचा प्रश्न हा अपराध ठरत असेल, तर ती मैफल कोणासाठी? न्यू यॉर्क फिलहार्मोनिकसमवेत लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी १९५८ ते १९७२ या काळात मुलांसाठी ५३ कार्यक्रम केले. ते मुलांना प्रश्न विचारीत, त्यांची उत्तरे ऐकून घेत. आणि ते कार्यक्रम सभागृहात कोंडून राहिले नाहीत. दूरचित्रवाणीवरून घरोघरी गेले.

तरीही सारा दोष शहराच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपण आपल्या अंगणात काय केले? गोव्यातील पॅरिश-शाळांत एके काळी गरिबाच्या मुलालाही स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शिकवणुकीवर वाढलेल्या गोवेकर वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच एक. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात गुरूचे नाव गुंफले आणि ते देशभर झाले. हे वादक घडले ते तिकीट काढून नव्हे, तर गावातल्या मास्तरांच्या छडीखाली.

आज आमच्या गावी काय दिसते? गायनवृंदातील व्हायोलिने कपाटात गेली आणि बटन दाबताच ताल धरणारा कीबोर्ड आला. ज्यांना परवडते त्यांची मुले परदेशी मंडळांच्या संगीत-परीक्षा देतात. प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि वाद्य माळ्यावर जाते. सणाच्या रोषणाईसाठी व डीजेसाठी आपण वर्गणी गोळा करतो. संगीत-मास्तराच्या मानधनाचा विषय निघाला की मात्र सभेत सारे घड्याळाकडे पाहू लागतात.

त्या रविवारनंतर पंधरवड्याने शेजारी लग्न होते. बँड आला आणि क्लॅरिनेटचा पहिला सूर निघताच माझा मुलगा ओरडला, “मांजर!” तेथे कोणी ओठांवर बोट ठेवले नाही. वादक हसला, त्याने तोच सूर पुन्हा काढला. रिक्षाचालकाचा मुलगा धावत आला आणि विचारू लागला, “कुठे आहे मांजर?” माझ्या मुलाने त्याला गोष्ट सांगितली, मराठीत, बदक गिळले जाईपर्यंतची. पुढची मी सांगितली. ओबो नसल्यामुळे बदकाचा आवाज मला तोंडानेच काढावा लागला.

कोणी म्हणेल, “लग्नाच्या बँडला त्या वाद्यवृंदाची सर कशी येणार?” येणार नाही, हे मलाही कळते. शहरातली मैफल बंद करा, असे मी म्हणत नाही. मुलगी तिथून डोळे चमकवीत बाहेर पडली, हेही मी विसरलेलो नाही. माझे म्हणणे एवढेच, की वर्षातून एकदा दाखविलेला दर्जा हा रोजच्या सहवासाची जागा घेऊ शकत नाही. ज्याने वाद्य हातात घेतले आहे, त्यालाच त्या दर्जाची खरी किंमत कळेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने महिन्यातून एक संध्याकाळ आपले सभागृह मुलांसाठी उघडावे. गावातल्याच बँडवाल्यांना मानाने बोलवावे, योग्य मानधन द्यावे. धर्म, जात, शाळेचे माध्यम न विचारता सर्व मुलांना आत घ्यावे, वाद्यांना हात लावू द्यावा, हवे ते विचारू द्यावे. कपाटातली व्हायोलिने बाहेर काढावीत. खर्चाचे म्हणाल, तर एका रात्रीच्या डीजेचे पैसे वाचवून पाहा.

हे झाले म्हणजे मुलांना अवश्य शहरात न्या. तेव्हा ती पाहुणी म्हणून जाणार नाहीत, जाणकार म्हणून जातील.