‘क’ जीवनसत्त्वाचे ‘नैसर्गिक’ दुकान



पावसाळा लागला की खारघरच्या औषध दुकानांत ‘क’ जीवनसत्त्वाच्या फसफसणाऱ्या गोळ्या आणि मुलांसाठीच्या रंगीत ‘गमी’ दर्शनी भागात येतात. डबीवर आवळा नाहीतर संत्रे, आणि ‘फळांपासून’ असल्याबद्दल चढी किंमत. हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

फळातून काढा की कारखान्यात ग्लुकोजपासून बनवा, अॅस्कॉर्बिक आम्ल तेच आणि शरीर दोन्ही सारखेच शोषते. फळाचे वेगळेपण त्यातल्या चोथ्यात, पोटॅशियममध्ये, फोलेटमध्ये असते. गोळीत ते नावापुरतेच उरते.

गरज तरी किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी दिवसाला ८० आणि स्त्रीसाठी ६५ मिलिग्रॅमची शिफारस केली. याच संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक ‘क’ जीवनसत्त्व असते. म्हणजे अर्ध्या पेरूत दिवस भागतो. उलट हजार मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर जवळपास निम्मी मात्रा शोषलीच जात नाही. स्वीडनमधील पुरुषांच्या २०१३ च्या अभ्यासात तर अशा गोळ्या घेणाऱ्यांत मूतखड्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले.

सर्दी टळते म्हणावे, तर कॉक्रेनच्या २०१३ च्या आढाव्यात रोज गोळी घेणाऱ्या सर्वसामान्य माणसांची सर्दी टळली नाही. ती मोठ्यांमध्ये सुमारे आठ टक्के लवकर आटोपली, इतकेच. मॅरेथॉन धावपटू आणि कडाक्याच्या थंडीतले सैनिक यांना मात्र स्पष्ट फायदा झाला.

गोळी सरसकट निरुपयोगी नाही. आहार तुटपुंजा असेल, कमतरता निदानात दिसली असेल, तर ती घ्यावीच. मात्र कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांनी मोठी मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. टाटा स्मारक रुग्णालयाचे ‘अॅक्ट्रेक’ हे कर्करोग केंद्र खारघरमध्येच आहे; येथील औषध विक्रेत्यांनी याचे भान अधिकच ठेवायला हवे.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. डाळी-पालेभाज्यांतले लोह अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्व मदत करते. पोह्यांवर किंवा वरणावर लिंबू पिळावे ते यासाठी, आणि गॅस बंद केल्यावर, कारण उष्णतेने ते नष्ट होते.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा डब्यांच्या दर्शनी बाजूवर फळाचा अर्क किती, वरून घातलेले अॅस्कॉर्बिक आम्ल किती आणि साखर किती, हे ठळक मराठीत छापणे बंधनकारक करावे.

— एक वाचक, खारघर, नवी मुंबई