मागच्या धन्याची करणी
जुन्या गाडीत फेरफारच नको, असले सोवळे माझे नाही. 1974 साली कुर्ल्याची फियाट ‘पद्मिनी’ झाली तेव्हाही गिअरचा दांडा स्टिअरिंगखालीच होता. माझ्या गाडीच्या मागच्या धन्याने तो खाली पायांजवळ आणला. आणो बापडा! पण परवा गिअरपेटी उतरवायला घेतली. प्रोपेलर शाफ्ट सुटला, क्लचची जोडणी सुटली, इंजिनाला जॅकचा टेकू दिला. आणि पेटीला तोलणारी आडवी पट्टी, जी बोल्ट काढताच हाती यावी, ती वेल्डिंगने सांधलेली! बोल्ट लावणारा पुढच्याचा विचार करतो. हा गृहस्थ आपल्यापुरते पाहून मोकळा झाला. उत्तर बरोबर असले तरी रीत न लिहिणाऱ्या पोराचे गुण मी कापतो. याचे कुठे कापू? मिस्त्रीने अर्धा दिवस करवत चालवली, वाचकहो. नव्या पट्टीला मी उभा राहून बोल्टच लावून घेतले.